भावोजी आणि आतली हवा

माझ्या भावोजींइतका हवेवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. कुणाचा सरकारवर विश्वास नसतो, कुणाचा डॉक्टरवर, कुणाचा चुलतभावावर. भावोजींचं ह्या सगळ्यांशी उत्तम जमतं. वाकडं आहे ते हवेशी. त्यातही उघड्यावरच्या हवेबद्दल त्यांची काही तक्रार नाही. चार भिंती, वर झाकण आणि शिरायला एकच वाट अशा ठिकाणी जी हवा राहते, तिच्याबद्दल ते एखाद्या मुरलेल्या फौजदाराने बोलावं तसं बोलतात. "मोकळी हवा सरळ असते रे. कोंडलेल्या हवेचं सांगता येत नाही. दिसत नाही, वास येईलच असं नाही, आणि तुझी शुद्ध जाईपर्यंत ती तुला कळूसुद्धा देत नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून विहिरीच्या काठावर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि एकदा बँकेच्या लॉकरच्या खोलीत ऐकलंय. तिथे त्यांनी शिपायाला दार उघडं धरून उभं राहायला लावलं होतं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तेलवाहू बोटींवर काढली. ह्या बोटींच्या पोटात घराएवढाल्या टाक्या असतात. तेल उतरवून झालं की त्या धुवायच्या, त्यांत वारा खेळवायचा आणि मग माणसांनी आत उतरून तळाचा गाळ काढायचा, असं ते काम. निवृत्त होऊन पालीच्या रस्त्याला असलेल्या गावच्या घरी ते परतले, तेव्हा ताईला वाटलं, चला, आला एकदाचा माणूस घरी. माणूस आला खरा, पण बोटीवरचे सगळे नियम बरोबर घेऊन आला. पहिल्याच महिन्यात त्यांनी गवंडी बोलावून देवघराच्या भिंतीचे दोन चिरे काढायला लावले. ताई संतापली. "देवांना काय कमी पडलं होतं हो?" तर म्हणाले, "देवांचं मला माहीत नाही. पण तू सकाळी समई आणि उदबत्त्या लावून दार ओढून आत बसतेस, ते मी बघतो." त्या भोकातून पावसाळ्यात आत पाणी येतं आणि देव ओले होतात. ताईने आता देवांसाठी वेगळा पंचा ठेवला आहे.

पाहुण्यांना भावोजींची ओळख सहसा न्हाणीघरात होते. त्यांच्याकडे गॅसचा गीझर आहे, तो त्यांनी न्हाणीघराच्या बाहेर पडवीत लावून घेतलाय. तेवढ्याने भागायला हरकत नव्हती. पण आत गेलेल्या माणसाचा आवाज येत राहिला पाहिजे, हा त्यांचा नियम. ते बाहेर बाकावर पेपर घेऊन बसतात आणि मधूनच विचारतात, "काय पाहुणे, पाणी बरं आहे ना?" उत्तर यायलाच हवं. नियमित येणारी माणसं आता सवयीने स्तोत्र म्हणत आंघोळ करतात. माझे पुण्याचे साडू पहिल्यांदाच आले होते. आंघोळ करताना बोलणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. भावोजींनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, दाराला खांदा दिला. कडी तुटली. साडू साबण लावलेल्या अवस्थेत कोपऱ्यात उभे होते. त्यांना आपादमस्तक न्याहाळून भावोजी शांतपणे म्हणाले, "रंग ठीक आहे. चालू द्या," आणि दार जेवढं लागत होतं तेवढं लावून बाहेर आले. साडू अजूनही रत्नागिरीला येतात, पण उतरतात हॉटेलात.

त्यांच्या कमरेला एक छोटं यंत्र असतं. हवेत प्राणवायू कमी झाला किंवा नको तो वायू वाढला की ते केकाटतं. दरवर्षी ते हे यंत्र तपासणीसाठी मुंबईला पाठवतात, आणि ते परत येईपर्यंत चष्मा हरवल्यासारखे घरात फिरतात. एकदा आमच्याकडे सत्यनारायण होता. भटजींनी धूप जरा हौसेने पेटवला, समई विझू नये म्हणून खिडक्या बंद होत्या, आणि साधुवाण्याची नाव बुडायला आली असतानाच भावोजींच्या कमरेतून कर्कश शिट्ट्या सुरू झाल्या. त्यांनी यजमानासकट सगळ्यांना जिन्यावर काढलं. उरलेली कथा भटजींनी जिन्यात उभं राहून सांगितली. प्रसाद घेताना ते माझ्या कानात म्हणाले, "पुढच्या वेळी हे येणार असतील तर मला आधी कळवा हो."

आमच्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करायची होती तेव्हा मी चुकून फोनवर त्यांच्यापाशी बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर हजर. साफ करणाऱ्या माणसाने आत मेणबत्ती सोडून बघतो म्हटल्यावर ते हसले. "मेणबत्ती जळतेय म्हणजे प्राणवायू आहे, एवढंच. विष आहे का, ते तिला कळत नाही. आणि पेटणारा वायू असला तर ती तुला सांगेल हो, पण मग तुला ऐकायला वेळ नसेल." मग झाकणं उघडी टाकून वाट बघणं झालं, पंखा लावून झाला, यंत्र दोरीने खाली सोडून झालं, आत जाणाऱ्याच्या छातीला आणि मांड्यांना पट्टे बांधून झाले. शेवटी भावोजींनी सोसायटीच्या सेक्रेटरींना टाकीच्या तोंडाशी उभं केलं. ह्याला ते 'वरचा माणूस' म्हणतात. वरच्या माणसाने काहीही करायचं नाही. आतल्याकडे बघायचं, त्याच्याशी बोलायचं, काही झालं तर ओरडायचं आणि दोर ओढायचा. पण कितीही वाटलं तरी स्वतः आत जायचं नाही. सेक्रेटरींचा फोन वाजला. नीट ऐकू येईना म्हणून ते कठड्याकडे सरकले. भावोजींनी तत्क्षणी आतल्या माणसाला बाहेर काढलं आणि काम बंद. "अहो, दोन मिनिटं तर झाली," सेक्रेटरी म्हणाले. भावोजी म्हणाले, "आत जाणाऱ्याच्या हाताला काम असतं. वरच्याने नुसतं उभं राहायचं असतं, आणि लोकांना नेमकं तेच जमत नाही." त्या दिवशी सगळी इमारत संध्याकाळपर्यंत पाण्याविना बसली आणि माझ्याशी कुणी बोललं नाही.

त्यांना खरोखर निश्चिंत बघायचं असेल तर आरे-वारेला न्यावं. वरच्या वळणावर गाडी थांबवली की ते उतरतात, कमरेचं यंत्र काढून गाडीत ठेवतात आणि समुद्राकडे तोंड करून दगडावर बसतात. "इथे काही तपासायला नको," म्हणतात. बस्स. तासभर एक शब्द नाही. ताई म्हणते, लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा माणूस माझ्याबरोबर असा आरामात कधी बसला नाही.

गावात त्यांची थट्टा चालायची, पण ती जिव्हाळ्याची. शेजारी चंदू आणि दिनू असे दोघे भाऊ. चंदू गावी राहून शेती करतो, दिनू मुंबईत नोकरीला, मे महिन्यात येतो. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी विहिरीतला गाळ काढायला घेतला. भावोजी सकाळ-संध्याकाळ कुंपणाशी जाऊन सूचना द्यायचे. शेवटी वैतागून चंदूने दोर आणला. "काकांच्या समाधानाला बांधतो वो," असं म्हणून हसत हसत छातीभोवती आणि काखेतून भावोजींनी दाखवली तशी गाठ मारून घेतली आणि दोराचं दुसरं टोक रहाटावरून घेतलं. खाली उतरला, गाळ भरला, वर आला. भावोजींचं यंत्र खाली जाऊन गप्पच राहिलं होतं. सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेलो होतो. आम्ही पडवीत फणसाचे गरे खात बसलो होतो. वीज गेलेली होती. पलीकडून पंपाचा आवाज येत होता आणि मी त्याकडे लक्षही दिलं नव्हतं. भावोजींचा हात मात्र गऱ्यावरच थांबला. "हा आवाज वरून येत नाही," ते म्हणाले. "डिझेलचा पंप आहे. आतून येतोय." एवढं बोलून तो गुडघेदुखीने कठडा धरून जिना चढणारा माणूस अनवाणी धावत सुटला.

आधी काय घडलं होतं ते मला नंतर कळलं. रात्रीत झऱ्याचं पाणी साठलं होतं, विजेचा पंप चालेना, म्हणून दिनूने डिझेलचा पंप भाड्याने आणला होता. त्याचा पाईप तळापर्यंत पोचत नव्हता म्हणून तो पंपच त्यांनी दोरांनी सोडून विहिरीच्या आतल्या टप्प्यावर ठेवला होता. त्याचा धूर आतच कोंडत होता. पंप अडखळायला लागला म्हणून चंदू बघायला उतरला, छातीला कालचाच दोर बांधून. तो टप्प्यावर टेकला आणि मग हाकेला ओ देईना. आम्ही पोचलो तेव्हा चंदूची बायको काठावर छाती पिटत होती, आणि दिनूने चपला काढून एक पाय कठड्याच्या आत टाकला होता.

भावोजींनी त्याला मागून कमरेला मिठी मारली आणि दोघेही मातीत पडले.

"सोडा मला!" दिनू ओरडला. "माजा भाव हाय तो!"

"म्हणूनच सोडत नाही."

दिनू तरणा, ताकदीचा. त्याने भावोजींना हिसडलं, कोपर मारलं, त्यांचा चष्मा उडाला. चंदूची बायको भावोजींच्या अंगावर धावून आली. "म्हाताऱ्या, मारतोस का माझ्या घरधन्याला? जाऊ दे दिनूला खाली!" भावोजींनी दिनूच्या थोबाडीत दिली. एवढ्या जोरात, की क्षणभर सगळेच गप्प झाले. त्या शांततेत त्यांनी नेहमीच्या आवाजात, पाणी बरं आहे ना असं विचारावं तितक्या साध्या आवाजात सांगितलं, "त्याला दोर आहे. आत कुणी जायचं नाही. दोर धर आणि ओढ."

आम्ही दोर धरला. दिनू, मी, मागून धावत आलेली ताई, चंदूची बायको, सगळ्यांनी. चंदू टप्प्यावरून जरा उचलला गेला आणि अडकला. पंपाचा पाईप त्याच्या काखेत आला होता. दिनूने पुन्हा दोर टाकून विहिरीकडे झेप घेतली, आणि भावोजी नुसते त्याच्या समोर उभे राहिले. ह्या वेळी हात लावला नाही. कठड्यावर पालथे पडून त्यांनी खाली बघितलं. "सैल सोडा. अजून. आता सगळे डाव्या अंगाला या. ओढा." पाईप सुटला. चंदू वर आला तेव्हा त्याची मान लुळी पडली होती आणि ओठांतून फेस येत होता. भावोजींनी त्याला वाऱ्याला आणून कुशीवर वळवलं आणि नाकाशी कान नेला. "घेतोय," ते म्हणाले. "श्वास घेतोय. गाडी काढ."

मी गाडी काढली. हॉस्पिटलात चंदूला प्राणवायूवर ठेवलं. पुढले काही दिवस तो माणसांची नावं चुकत होता. मग तेही सुधारलं आणि तो घरी आला. आता त्याचं डोकं मधूनमधून दुखतं, एवढंच.

गावाने भावोजींचा सत्कार करायचं ठरवलं. त्या संध्याकाळी ते घरातून नाहीसे झाले आणि शाल-श्रीफळ ताईच्या हातात पडलं. दिनू बरेच दिवस त्यांच्यासमोर आला नव्हता. मुंबईला जायच्या आदल्या दिवशी तो आला, पडवीच्या पायरीवर बसला, आणि बराच वेळ अंगठ्याने माती उकरत राहिला.

"काका, तुमी मला सोडलं आसतंत तर?"

"तुला दोर नव्हता," भावोजी म्हणाले.

दिनूला आणखी काही विचारायचं होतं असं वाटलं, पण तो वाकून नमस्कार करून गेला.

एवढं सगळं होऊन भावोजी मजेत असायला हवे होते. त्यांचा शब्द खरा ठरला होता. आता सगळं गाव त्यांना विचारून टाक्या उघडणार होतं. पण ते गप्प झाले. न्हाणीघरात कुणी गेलं तरी ते बाकावर बसेनात. ताईने मला फोन केला, "ह्यांना काय झालंय कळत नाही रे. जेवतात, पेपर वाचतात, पण पानं उलटत नाहीत." मी गेलो, तर मला म्हणाले, "गाडी काढतोस? देवरूखला जाऊन येऊ." बरोबर एक आंब्याची पेटी घेतली. ताईला त्यांनी बोटीवरच्या एका जुन्या ओळखीकडे जातो असं सांगितलं. दरवर्षी ते तेवढंच सांगत, आणि एरवी एसटीने एकटे जात.

पालीला चहा घेतला, तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली. बोटीवर त्यांचा एक मित्र होता, देवरूखचा. एका टाकीत तो उतरला आणि भावोजी वर उभे होते. टाकीला पुरेसा वारा लागला नव्हता, बोटीवरच्या साहेबांपैकी कुणीतरी घाई केली होती. मित्र शिडीवरून उतरताना बोलत होता, मग बोलायचा थांबला. भावोजींनी ओरडून माणसं बोलावली. पाठीवर बांधायची हवेची नळकांडी बोटीच्या दुसऱ्या टोकाला होती. ती येईपर्यंत वेळ गेला. मित्र वाचला नाही.

"मी एक पाय आत घातला होता," भावोजी म्हणाले. "शिडीच्या पहिल्या दांड्यावर. मग काढला. शिकवलं होतं तसंच केलं. सगळे म्हणाले, बरोबर केलंस, नाहीतर दोघे गेले असते. पण तो पाय मी शिकवलं होतं म्हणून काढला की भीती वाटली म्हणून, ते मला आजवर सांगता आलेलं नाही." चहाचा ग्लास त्यांनी खाली ठेवला. "दिनूला धरलं तेव्हा मला भीती नव्हती रे. बिलकूल नव्हती. म्हणून ते पुन्हा आठवायला लागलं."

साखरप्याहून वळून आम्ही देवरूखला पोचलो. मित्राची बायको अंगणात आमसुलं वाळत घालत होती. साठीच्या पुढची, काटक, मोजकं बोलणारी. "यंदा उशीर केलात, भाऊ," म्हणाली आणि आमसुलाचं सरबत करून आणलं. भावोजींनी तिला विहिरीची हकिगत सांगितली, आणि मग, ज्यासाठी ते आले होते, ते सांगितलं. पायाचं. मी उठून बाहेर जाऊ लागलो तर त्यांनी खुणेने बसवलं. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, पुढ्यातल्या ग्लासाकडे बघत होते.

सांगून झाल्यावर म्हणाली, "विहिरीतल्या त्या माणसाला मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे. शाळेत जाते."

"हूं." तिने त्यांच्या पुढ्यातला ग्लास उचलून बाजूला ठेवला. "मीही तेव्हा तुमच्यावर रागावले होते, भाऊ. तुम्ही आंबे घेऊन आलात ना पहिल्या वर्षी, तेव्हा मी ते गुरांना घातले. तुम्हाला ठाऊक नाही. दुसऱ्या वर्षी पण घातले. मग मुलगा मागायला लागला, म्हणून ठेवून घेतले." मग पदराने हात पुसत म्हणाली, "पाय काढलात ते बरं केलंत. भीतीने काढलात तरी बरंच केलंत. नाहीतर तिकडे वहिनींनी काय करायचं होतं?"

भावोजींनी मान हलवली. ती आत जाऊन पेटीतले आंबे टोपलीत काढायला लागली, हाताने चाचपून, पिकलेले एका बाजूला आणि कच्चे एका बाजूला. निघताना तिने पिशवीत आमसुलं भरून दिली आणि म्हणाली, "पुढल्या वर्षी वहिनींनाही आणा. इतकी वर्षं येताय, मी त्यांना बघितलेलं नाही."

येताना घाटात भावोजी झोपले. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे. मी गाडी हळू चालवत होतो. घर आल्यावर उठले, आणि फाटक उघडताना मला विचारलं, "तुझ्या ताईला काय सांगू?" मी म्हटलं, "आहे ते सांगा." ते "बघू" म्हणाले.

त्यांनी सांगितलं की नाही, कधी सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि ताईही बोलली नाही. यंदाच्या मे महिन्यात मी गाडी घेऊन गेलो तेव्हा भावोजी पडवीत गवतात आंबे लावून पेटी भरत होते. ताई आतून आली. तिने काठाची साडी नेसली होती. हातातली आंबापोळीची पुडी तिने पेटीत वरती नीट बसवली, झाकण लावलं आणि मला म्हणाली, "पुढे मी बसणार हो. मला मागे बसलं की गाडी लागते." भावोजी मागचं दार उघडून आत बसले आणि पेटी मांडीवर घेतली.